स्पीकिंग टेस्टमध्ये 'पझल्स' विषय आला तर नेमकं बोलायचं काय?

आयईएलटीएस म्हणजे परदेशी शिकायला-कामाला जाताना द्यायची इंग्रजीची परीक्षा, तिच्या स्पीकिंगची म्हणजे तोंडी भागाची तयारी करताना घर, काम, अभ्यास, प्रवास, हवामान हे सगळं आपण घोकून घोकून पक्कं करतो आणि मग समोरचा माणूस शांतपणे विचारतो "डू यू लाइक डूइंग पझल्स?" आणि डोकं एकदम कोरं. माझं अगदी असंच झालेलं, सरावाच्या मुलाखतीत झालं म्हणून वाचले. मी म्हटलं, "येस, इट इज गुड फॉर ब्रेन." पुढे? काही नाही. समोरून "व्हाय?" आलं, तर मी म्हटलं "बिकॉज ब्रेन बिकम्स शार्प." की परत शांतता. दोन वाक्यांत दुकान बंद.

नंतर रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा लक्षात आलं की इंग्रजीची गडबड होती पण ती नंतरची, आधीची गडबड अशी की मला माझ्याबद्दल विचारलं होतं आणि मी निबंधासारखे कोड्यांचे फायदे सांगायला बसले. आणि गंमत बघा, त्याच आठवड्यात मी एका सुडोकूपायी रात्री दीड वाजेपर्यंत जागी होते, खोडून खोडून कागद फाटला होता, शेवटी कळलं की एकाच ओळीत दोन सात आलेत, आणि सुडोकूत एका ओळीत एक आकडा एकदाच चालतो. एवढा मस्त मसाला हाताशी असताना मी "गुड फॉर ब्रेन" म्हणून मोकळी झाले! तर या लेखात मुख्य एवढंच आहे, हा मसाला आधी कसा शोधायचा आणि मग तो इंग्रजीत कसा बसवायचा.

एक गोष्ट आधीच सांगते, इंग्रजी वाक्यं मी मुद्दाम देवनागरीत लिहितेय कारण ही वाक्यं तोंडाने म्हणायची आहेत, नुसती डोळ्यांखालून घालायची नाहीत. ज्या आवाजांना देवनागरी पुरत नाही त्यांच्याबद्दल पुढे वेगळं लिहिलंय.

हा विषय येतो कुठे

पटकन सांगते कारण हे बऱ्याच जणांना माहीत असतं. स्पीकिंग 11 ते 14 मिनिटांचं, त्यात तीन भाग. पहिल्या भागात 4-5 मिनिटं स्वतःबद्दलचे साधे प्रश्न, दुसऱ्यात क्यू कार्ड म्हणजे विषय आणि मुद्दे लिहिलेलं कार्ड, 1 मिनिट तयारीला आणि मग 1 ते 2 मिनिटं सलग बोलायचं, तिसऱ्यात परत 4-5 मिनिटं पण आता जरा मोठ्या मुद्द्यांवर चर्चा. पझल्स हा शब्द थेट येतो तो बहुतेक पहिल्या भागात. पण दुसऱ्या भागात "लहानपणचा आवडता खेळ" किंवा "तुम्ही सोडवलेली एखादी अवघड गोष्ट" असलं कार्ड आलं तरी हीच तयारी कामाला येते, म्हणून तीन-चार प्रश्नांसाठी एवढा आटापिटा कशाला असं वाटून घेऊ नका.

मार्क चार गोष्टींना असतात आणि चौघींचं वजन सारखं: सलग आणि सुसूत्र बोलणं, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार. तुमचं मत बरोबर की चूक, तुम्हाला कोडी येतात की नाही, याला शून्य मार्क. "मला पझल्स अजिबात आवडत नाहीत" हे उत्तर "खूप आवडतात" इतकंच चांगलं आहे, किंबहुना कधीकधी जास्त चांगलं, कारण न आवडण्याची कारणं माणूस मनापासून सांगतो.

पहिली पायरी: इंग्रजी बाजूला ठेवा, स्वतःचं एक कोडं आठवा

हो, मराठीतच आठवा. पझल म्हटलं की लोकांना फक्त सुडोकू दिसतं आणि "मी तर सोडवतच नाही" म्हणून विषय संपतो. पण शब्द खूप पसरट आहे. जिगसॉ म्हणजे तुकडे जोडून चित्र करायचं ते पझलच, शब्दकोडं पझल, रुबिकचा क्यूब पझल, दोन चित्रांमधले फरक शोधा ते पझल, भूलभुलैयातून रस्ता काढायचा, काड्या हलवून आकृती बदलायची, फोनवर रोज पाच अक्षरी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा तो वर्डल, सगळी पझल्सच. एवढ्यातलं एकही कधी हातात घेतलं नाही असा माणूस सापडणं कठीण आहे.

आता एकच निवडा आणि स्वतःला विचारा: कुठे बसले होते? सोबत कोण होतं? अडकले कुठे? अडकल्यावर काय केलं, चिडले, सोडून दिलं, उत्तर चोरून बघितलं? शेवट काय झाला? ही माहिती कागदावर मराठीत पाच-सहा ओळी लिहून काढा. माझ्या त्या सुडोकूच्या ओळी अशा होत्या: अंथरुणात बसून, पेनाने नाही पेन्सिलने, सुरुवात भराभर, मग उजवीकडचा खालचा चौकोन अडला, एक आकडा अंदाजे टाकला, अर्ध्या तासाने एका ओळीत दोन सात, म्हणजे चूक खूप आधीच झालेली, सगळं खोडलं, सकाळी दहा मिनिटांत सुटलं.

बघा, यात सगळं आलं. सुरुवात आहे, अडचण आहे, चूक आहे, शेवट आहे. आणि हे मी विसरणार नाहीये कारण ते माझ्यासोबत घडलंय, पाठ केलेलं उत्तर मात्र टेन्शनमध्ये हमखास उडतं. शिवाय एक्झामिनर दिवसभर लोकांना ऐकत असतो, पाठ केलेलं त्याला पहिल्या वाक्यात कळतं.

दुसरी पायरी: शब्द गोळा करा, पण यादीने नाही, घटनेच्या क्रमाने

इंटरनेटवर "पझल व्होकॅब्युलरी" म्हणून पन्नास शब्द मिळतात, त्यातले पाचही तोंडात बसत नाहीत. त्यापेक्षा कोडं सोडवताना जे जे होतं त्या क्रमाने शब्द लावा म्हणजे गोष्ट सांगता सांगता ते आपोआप येतात.

सुरुवातीला: "आय डू अ क्रॉसवर्ड", "आय डिड अ जिगसॉ". क्रियापद डू. "आय प्ले पझल" म्हणू नका, कानाला खटकतं. मग सूत्र किंवा खूण मिळते ती "क्लू". विचार करून उत्तर काढणं म्हणजे "वर्क आउट" नाहीतर "फिगर आउट". अडकलात की "आय गॉट स्टक", हे दोन शब्द सोन्यासारखे आहेत, कुठेही चालतात. अंदाज मारला तर "आय टुक अ गेस". करून बघत, चुकत, परत करत गेलात तर "बाय ट्रायल अँड एरर". एकेक शक्यता काढून टाकली तर "आय रूल्ड आउट" आणि पुढे जे काढलं ते. चूक कुठेतरी मागेच झाली होती हे सांगायला "आयड गॉन रॉंग समव्हेअर". डोक्यात एकदम प्रकाश पडला तर "इट सडनली क्लिक्ट". हार मानली तर "आय गेव्ह अप". आणि नाद लागला तर "आय गॉट हुक्ट".

एवढे दहा-बारा पुरतात, खरंच पुरतात. वर जिगसॉ सांगणार असाल तर "पीस", "एज पीसेस" म्हणजे कडेचे तुकडे, आणि "फिट टुगेदर" एवढं घ्या. "ब्रेन टीझर" हा शब्दही वापरायला बरा, डोक्याला खुराक देणाऱ्या छोट्या कोड्याला म्हणतात. मोठमोठे अवजड शब्द कोंबू नका, तुमच्या बाकीच्या इंग्रजीशी ते जुळत नाहीत, साध्या सदऱ्यावर जरीचं उपरणं घातल्यासारखं दिसतं.

मराठी डोक्यातून येणाऱ्या चुका

हा भाग नीट वाचा, कारण यातल्या बऱ्याच चुका आपल्या मराठीतूनच येतात.

सगळ्यात मोठी चूक "सुटलं" आणि "सोडवलं" मधली. मराठीत आपण आरामात म्हणतो "कोडं सुटलं", जणू ते आपलं आपण सुटलं. तेच इंग्रजीत घातलं की "द पझल सॉल्व्ड" होतं, आणि ते चूक, पझल स्वतःला सोडवत नाही. म्हणा "आय सॉल्व्ड इट" किंवा "आय फायनली गॉट इट". "सुटत नव्हतं" याला "इट वॉज नॉट सॉल्व्हिंग" नाही, "आय कुडंट वर्क इट आउट". इंग्रजीत करणारा माणूस पुढे आणावा लागतो, मराठीत तो मागे लपून राहतो. "तुकडा सापडला" तसंच, "द पीस फाउंड" नाही, "आय फाउंड द पीस".

दुसरी, "कंटाळा येतो". "आय ॲम बोरिंग" म्हणालात तर अर्थ होतो मीच कंटाळवाणी आहे! "आय गेट बोर्ड" म्हणा, आणि कोडं कंटाळवाणं असेल तर "इट्स बोरिंग". पझलचंही तेच आहे, गोंधळलेला माणूस "पझल्ड", गोंधळात पाडणारी गोष्ट "पझलिंग".

"टाइमपास" हा शब्द आपल्याला इतका इंग्रजी वाटतो की तो बाहेर कळत नाही हे लक्षातच येत नाही. "आय डू इट टू पास द टाइम" किंवा "टू किल टाइम". "डोकं लावावं लागतं" याचं "ॲप्लाय युअर ब्रेन" करतात, त्यापेक्षा "यू रिअली हॅव टू थिंक" हे साधं आणि बरोबर. "माइंड फ्रेश होतं" याला "इट क्लिअर्स माय हेड". "मला जमत नाही" याला "आयम नॉट व्हेरी गुड ॲट इट", आणि इथे ॲट, इन नाही, "गुड इन पझल्स" फार ऐकू येतं. "वन ऑफ माय फ्रेंड" नाही "फ्रेंड्स", हे तर सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळ्यांच्या तोंडून निसटतं, माझ्याही.

आणि ते अ आणि द. मराठीत हा प्रकारच नाही त्यामुळे आपण ते खाऊन टाकतो. सोपा उपाय: पहिल्यांदा नाव घेताना "अ जिगसॉ", मग त्याच वस्तूबद्दल परत बोलताना "द जिगसॉ". आणि एकूणच पझल्स आवडतात म्हणताना काहीच नको, "आय लाइक पझल्स".

प्रश्न एकेक घेऊ

"डिड यू डू पझल्स इन युअर चाइल्डहुड?" या प्रश्नात भूतकाळ तपासला जातो हे उघड आहे आणि इथे मराठी आपल्याला चक्क मदत करते. लहानपणी मी बसायचे, जोडायचे, भांडायचो, हे जे "-यचे, -यचो" आहे ना, वारंवार व्हायचं ते, त्याला इंग्रजीत "यूज्ड टू". आणि एकदाच घडलं, केलं, पडलं, हरवलं, त्याला साधा भूतकाळ. मनात मराठी वाक्य आलं की शेवट बघा, "यचे" आहे की "लं" आहे, लगेच कळतं. फक्त "करायचंय" मध्ये फसू नका, ते वेगळं, ते "आय हॅव टू" किंवा "आय वॉन्ट टू".

उत्तर असं होऊ शकतं: "येस, क्वाइट अ लॉट. माय सिस्टर अँड आय यूज्ड टू डू जिगसॉज ऑन द फ्लोअर, अँड वी ऑलवेज फॉट ओव्हर हू गॉट टू पुट इन द लास्ट पीस. वन्स आय हिड अ पीस इन माय पॉकेट सो दॅट आय कुड फिनिश इट मायसेल्फ, अँड देन आय फर्गॉट अबाउट इट." बघा काय केलं, आधी थेट उत्तर, मग नेहमीची सवय यूज्ड टूने, मग "वन्स" म्हणून एकच प्रसंग साध्या भूतकाळात. चार-पाच वाक्यांचं काम तीन वाक्यांत झालं आणि ऐकणाऱ्याला चित्र दिसलं. "आय अँड माय सिस्टर" नाही हां, बहीण आधी.

"व्हेन डू यू डू पझल्स, ड्युरिंग अ ट्रिप ऑर व्हेन यू फील बोर्ड?" इथे लोक दोनपैकी एक निवडून गप्प होतात. दोन्ही नाकारता येतात की! "नायदर, रिअली. आय युज्वली डू वन इन बेड, बिफोर आय गो टू स्लीप, विच इज प्रॉबब्ली अ मिस्टेक, बिकॉज इफ आय गेट स्टक आय कांट स्लीप." हे "विच इज" जोडून वाक्य लांबवणं आणि पुढे इफ लावणं, यातून व्याकरणाची विविधता आपोआप दिसते, वेगळं काही करावं लागत नाही. प्रवासाचं सांगायचं तर प्रवासात का जमत नाही ते सांगा, गाडी हलते, आकडे डोळ्यांसमोर नाचतात, "आय फील सिक इफ आय लुक डाउन फॉर टू लॉंग".

"डू यू लाइक डूइंग वर्ड पझल्स ऑर नंबर पझल्स? विच इज मोअर डिफिकल्ट फॉर यू?" हा माझा लाडका प्रश्न कारण यात बोलायला खूप आहे आणि तरी बहुतेक जण "नंबर पझल्स आर मोअर डिफिकल्ट बिकॉज आय ॲम वीक इन मॅथ्स" म्हणून संपवतात. गंमत अशी की सुडोकूत गणित नसतंच, बेरीज नाही वजाबाकी नाही, एक ते नऊच्या जागी नऊ चित्रं ठेवली तरी कोडं तेच राहतं, ते फक्त तर्काचं काम आहे. हेच उत्तरात टाका: "पीपल थिंक सुडोकू इज अबाउट मॅथ्स, बट यू नेव्हर ॲड एनिथिंग अप, इट्स जस्ट लॉजिक. सो आय फाइंड इट ईझिअर दॅन अ क्रॉसवर्ड, व्हेअर यू आयदर नो द वर्ड ऑर यू डोंट." तुलना आली, मत आलं, कारण आलं. आणि परक्या भाषेतलं शब्दकोडं जड जातं हे तर आपलं हक्काचं कारण, "इन इंग्लिश, आय ओन्ली गेट अबाउट हाफ द क्लूज" म्हणायला लाज कसली.

इथेच एक मोह होतो, माहिती झाडण्याचा. मलाही होतो. शब्दकोडं पहिल्यांदा 21 डिसेंबर 1913 ला न्यूयॉर्क वर्ल्ड या पेपरात आलं, आर्थर विन यांनी केलेलं, आकार चौकटीसारखा चौकोनी नव्हता तर हिऱ्यासारखा होता. सुडोकू नाव जपानी असलं तरी आज आपण सोडवतो ते कोडं 1979 मध्ये अमेरिकेत "नंबर प्लेस" नावाने छापून आलं आणि जपानी नाव त्याला 1984 मध्ये मिळालं. क्यूब 1974 मध्ये हंगेरीच्या एर्नो रुबिक यांनी बनवला आणि कितीही विस्कटलेला असला तरी तो जास्तीत जास्त 20 चालींत जुळतो हे 2010 मध्ये सिद्ध झालं. आता हे सगळं छान आहे पण पहिल्या भागात यातलं एखादंच वाक्य, तेही स्वतःशी जोडून: "आय वन्स रेड दॅट एनी क्यूब कॅन बी सॉल्व्ड इन ट्वेंटी मूव्ह्ज, विच इज अ बिट एम्बॅरसिंग, बिकॉज माइन हॅज बीन ऑन माय डेस्क फॉर थ्री इयर्स." सनावळी सांगायला गेलात की बोलण्यातली सहजता गेलीच, शिवाय एखादं साल विसरलात की मधेच गाडी अडते.

"डू यू थिंक इट्स गुड फॉर ओल्ड पीपल टू डू पझल्स?" इथे सगळे डॉक्टर होतात. "पझल्स स्टॉप मेमरी लॉस" असं छातीठोकपणे ठोकतात. कोडी सोडवल्याने स्मृतिभ्रंश टळतो असं काही पक्कं सिद्ध झालेलं नाही, आणि मार्क खरेपणाला नसले तरी इंग्रजीत अशा जागी जरा हात राखून बोलणं चांगलं दिसतं. "इट माइट हेल्प", "इट प्रॉबब्ली कीप्स देम ॲलर्ट", "आयम नॉट शुअर इट इम्प्रूव्ह्ज मेमरी, बट ॲट लीस्ट इट गिव्ह्ज देम समथिंग टू लुक फॉरवर्ड टू". हे माइट, प्रॉबब्ली, ॲट लीस्ट म्हणजे आपल्या "कदाचित, बहुधा, निदान" सारखेच, मराठीत रोज वापरतो, इंग्रजीत गेलो की विसरतो. आणि "ओल्ड पीपल" ऐवजी "ओल्डर पीपल" म्हटलं तर जास्त सभ्य वाटतं. घरातल्या कोणाचं उदाहरण असेल तर द्या, आजोबा भिंग घेऊन बसतात आणि कोणी उत्तर सांगितलं की रागावतात, एवढं पुरे.

प्रश्न ऐकू आला नाही तर "सॉरी, कुड यू से दॅट अगेन?" म्हणा, एकदा विचारल्याने काही बिघडत नाही, न ऐकलेल्या प्रश्नाचं भलतंच उत्तर देण्यापेक्षा कधीही बरं.

क्यू कार्ड आलं तर

1 मिनिट मिळतं, कागद पेन्सिल मिळते. त्यात पूर्ण वाक्यं लिहायला गेलात तर दीड वाक्य होतं आणि वेळ संपते. मी फक्त शब्द लिहिते, एकाखाली एक: बेड, पेन्सिल, फास्ट, स्टक, गेस, टू सेव्हन्स, इरेझ्ड, मॉर्निंग. आठ शब्द, आणि प्रत्येक शब्दामागे दोन वाक्यं उभी आहेत म्हणजे सोळा वाक्यं, दोन मिनिटं सहज भरतात. पहिला शब्द घेतला की पुढच्याकडे आपोआप जाता येतं कारण ती घडलेली गोष्ट आहे, मधे गाळली तर स्वतःलाच चुकल्यासारखं होतं.

कार्डावर जे मुद्दे दिलेले असतात ते सगळे सारखे फुगवायची गरज नाही. "काय होतं", "केव्हा केलं" हे एकेका वाक्यात उडवा, आणि "अवघड का होतं" नाहीतर "कसं वाटलं" तिथे रेंगाळा. मधल्या भागात एकदा तरी भूतकाळाच्याही मागचा काळ आणा, "आय रिअलाइज्ड आयड पुट टू सेव्हन्स इन द सेम रो", कळलं नंतर, चूक झालेली आधी, हे हॅडशिवाय (आयड म्हणजे आय हॅड) सांगताच येत नाही त्यामुळे व्याकरण दाखवायला वेगळी जागा शोधावी लागत नाही. दोन मिनिटं झाली की एक्झामिनर थांबवतो, मधेच थांबवलं म्हणून घाबरू नका, उलट याचा अर्थ तुम्ही पुरेसं बोललात.

तिसऱ्या भागात

इथे "मी" जरा मागे जातो. लोक अवघड गोष्टी मुद्दाम का करतात, शाळेत कोड्यांमधून शिकवावं का, फोनवरची कोडी बरी की कागदावरची, असे प्रश्न. युक्ती एवढीच की आपल्या गोष्टीतून एक निष्कर्ष काढा आणि मग तो सगळ्यांना लागू होतो का ते बोला. "आय थिंक पीपल एंजॉय बीइंग स्टक, ॲज लाँग ॲज दे नो देअर इज ॲन आन्सर. इन रिअल लाइफ यू डोंट ऑलवेज नो दॅट." हे वाक्य मला त्या रात्रीच्या सुडोकूवरूनच सुचलं. शाळेच्या प्रश्नाला दोन्ही बाजू ठेवा, एखाद्या मुलाला कोडं दिलं की तो तासभर हलत नाही आणि शेजारचा दुसऱ्या मिनिटाला खिडकीबाहेर बघतो, "इट डिपेंड्स ऑन द चाइल्ड" म्हणा पण तिथे थांबू नका, कशावर अवलंबून ते सांगा. नुसतं "इट डिपेंड्स" म्हणजे पळवाट. फोन की कागद यात तुलनेची रूपं भरपूर येतात: फोन चूक लगेच लाल करून दाखवतो, कागदावर चूक अर्धा तास लपून राहते, "सो पेपर इज स्लोअर बट फार मोअर सॅटिस्फाइंग".

उच्चार

खुद्द "पझल" या शब्दातच आपली विकेट जाते. आपण झ लिहितो आणि झेंड्यातला झ म्हणतो, काही जण पजल म्हणतात जेवणातल्या ज ने. इंग्रजीतला आवाज वेगळा आहे. "जरा" मधला ज म्हणा, जीभ दातांच्या मागे टेकते ना? आता ती टेकू न देता किंचित लांब ठेवा आणि माशी घोंघावते तसा आवाज सलग काढा. बोटं गळ्यावर ठेवली तर कंप जाणवला पाहिजे. तो आवाज पझलच्या मधे हवा. शेवटच्या ल च्या आधी जोरकस अ नको, जीभ पटकन ल वर जाऊ दे. उलट "जिगसॉ" मधला ज मात्र "जीव" मधलाच, तो आपल्याला येतो.

मग व. आपल्याकडे एकच व, इंग्रजीत दोन. "वर्ड" म्हणताना ओठ शिट्टीसारखे गोल, दात कुठेच लागत नाहीत. "सॉल्व्ह" म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागतात. "वर्ड पझल" आणि "सॉल्व्ह" आरशात बघून दहा वेळा म्हणा, दोन दिवसांत फरक पडतो.

भूतकाळाची शेपटी गिळू नका आणि ताणूही नका. "सॉल्व्ड" मध्ये "सॉल्व्हेड" असं एड ऐकू येता कामा नये. "फिनिश्ट" मध्ये शेवटी ट चा आवाज येतो, ड चा नाही. "गेस्ट" तर मजेशीर आहे, अंदाज केला आणि पाहुणा, दोन्हीचा उच्चार एकच, म्हणून बिनधास्त म्हणा.

सराव कसा करायचा

उत्तरं लिहून पाठ करण्यात वेळ घालवू नका. एक सोपं कोडं घ्या, फोनचं रेकॉर्डिंग चालू करा आणि कोडं सोडवता सोडवता जे डोक्यात येतंय ते इंग्रजीत बडबडत राहा. "ओके, दिस रो नीड्स अ फोर अँड अ नाइन... नो, देअर्स ऑलरेडी अ नाइन हिअर... सो इट मस्ट बी फोर... हँग ऑन." सुरुवातीला फार विचित्र वाटतं, घरातले बघायला येतात, येऊ द्या. याचा फायदा असा की इथे विषय शोधावा लागत नाही, हाताखाली चालूच आहे, त्यामुळे सगळं लक्ष बोलण्यावर राहतं, आणि मस्ट बी, कांट बी, माइट बी ही जी रूपं एरवी पाठ करूनही येत नाहीत ती इथे प्रत्येक घराला लागतात.

दहा मिनिटांनी थांबा आणि ऐका. जिथे तीन-चार सेकंद शांतता आहे तिथे मराठीत कोणता शब्द मनात होता तो लिहा, बहुतेक वेळा चार-पाचच निघतात, त्यांचं इंग्रजी शोधा. दुसऱ्या दिवशी दुसरं कोडं, आणि कोडं झालं की लगेच, न थांबता, काय झालं ते एक मिनिटात कोणाला तरी सांगितल्यासारखं सांगा, आता भूतकाळात. आधी वर्तमानात बडबड, मग भूतकाळात गोष्ट, रोज एवढंच, आठवडाभर करा. मी केलं तेव्हा चौथ्या दिवशी पहिल्यांदा असं झालं की बोलणं संपलं तेव्हा घड्याळात दोन मिनिटं दहा सेकंद झाले होते आणि मला कळलंच नव्हतं.

परीक्षेच्या आदल्या रात्री मात्र अवघड कोडं हातात घेऊ नका, त्याचं काय होतं ते वर सांगितलंय. सोपं घ्या, बडबडा, झोपा. नाहीच सुटलं तर "आय गेव्ह अप अँड वेंट टू बेड", तेवढंच एक उत्तर आणखी तयार.